प्रभुभोजनाची पंगत

पुण्याच्या पंचहौद मिशनमधला चहा मराठी वाचकाला नवा नाही. १४ ऑक्टोबर १८९० ची ती संध्याकाळ, गोपाळराव जोश्यांचा खोडसाळपणा, मिशनच्या बायांनी पुढे केलेले चहाचे कप, आणि मग ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आलेली हजर असलेल्यांची चाळिसाहून जास्त नावं. रानडे त्यात होते, बाळ गंगाधर टिळक त्यात होते. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता हातात धरला; सनातन्यांना त्या फरकाशी कर्तव्य नव्हतं. जातबहिष्काराचं ग्रामण्य उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी काशीतल्या प्रायश्चित्ताचा हवाला दिला. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं आणि त्यावरून सुधारकांचे बोल ऐकले.

या गदारोळात यजमानांकडे कुणी फारसं पाहिलं नाही. चहा ज्यांच्या दारात प्यायला गेला ते ख्रिस्ती लोक त्याआधी साठेक वर्षं मराठी मुलखात याहून कठीण गोष्ट करत होते, निदान करू पाहत होते. एका भाकरीचे तुकडे आणि एका प्याल्यातला घोट, ब्राह्मण, महार, मांग, कुणबी सगळ्यांनी एका ठिकाणी घ्यायचा. चहाचं प्रकरण एका संध्याकाळचं होतं. हे ठरावीक रविवारी पुन्हापुन्हा करायचं होतं, तेही उघड्यावर, गावादेखत.

खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळीत या भाकर-प्याल्याच्या विधीची, प्रभुभोजनाची, तयारी म्हणजे काही थाट नसतो. मनुका आदल्या रात्री भिजत घालायच्या, सकाळी कुस्करून फडक्यातून गाळायच्या, तो रस प्याल्यात ओतायचा. पाव मिळाला तर पाव, नाहीतर घरची भाकरी किंवा पोळी. पाळक वचन वाचतो, भाकर मोडतो, ताटली पुढे सरकते. मग प्याला निघतो. एकाच्या ओठाला लागलेला दुसऱ्याच्या हातात, तिथून तिसऱ्याच्या ओठाला. आपल्याकडे याला सरळ उष्टं म्हणतात. आईने लेकराचं खाल्लं तर चालतं, बायकोने नवऱ्याच्या ताटात जेवलं तर चालतं. जातीबाहेरच्याचं उष्टं म्हणजे जात गेली. सोवळ्याओवळ्याचे सगळे नियम ज्या एका गोष्टीवर येऊन थांबतात, तीच गोष्ट ख्रिस्ती उपासनेच्या ऐन मध्यावर ठेवलेली आहे.

मी हे मराठवाड्यातल्या हिमायतनगरला बसून लिहितो आहे. जुन्या लोकांच्या तोंडी गावाचं नाव अजून वाढोणा आहे. मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या गावात पंगतीचे क्रम कधी कुणी लिहून ठेवले नाहीत, कारण ते प्रत्येकाला पाठ होते. कोण आधी बसणार, कोण नंतर, कुणाला पत्रावळ अंगणात, कुणाला शिळं वाड्याबाहेर. ख्रिस्ती मिशनं या प्रदेशात आली तेव्हा त्यांच्यापुढे पहिला अवघड प्रश्न देव एक की अनेक हा नव्हताच. लोकांना बसवायचं कसं, हा होता.

सोय एका बाजूला सरळ दिसत होती. दोन रांगा करा. उच्च जातीच्यांना आधी द्या, मग बाकीच्यांना. प्याले दोन ठेवा. असं केलं तर ब्राह्मण, मराठे, तमिळ मुलखातले उच्च जातीचे वेल्लाळ येतील, मंडळी वाढेल, आणि एकदा आत आले की हळूहळू जात गळून पडेल. हा युक्तिवाद मूर्ख माणसांचा नव्हता. भल्याभल्यांनी तो केला आणि शंभर वर्षं चालवला.

दुसऱ्या बाजूला नव्या करारातली पौलाची आणि याकोबाची पत्रं होती. करिंथ शहरातल्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी सधन लोक आपलं आणलेलं आधीच खाऊन पिऊन मोकळे होत आणि गरीब उपाशी राहत. पौलाने त्यांना खडसावलं की तुम्ही जे करता ते प्रभूचं भोजन नव्हेच. याकोबाने लिहिलं की सोन्याच्या अंगठीवाल्याला पुढची जागा आणि फाटक्या कपड्यातल्याला पायाशी बसवणं हा पक्षपात आहे, आणि पक्षपात म्हणजे पाप. सगळ्यात बोचरा प्रसंग अंत्युखियाचा. पेत्र तिथे परजातीय ख्रिस्ती लोकांबरोबर जेवत असे. यरुशलेमहून याकोबाकडची काही कर्मठ मंडळी आली आणि पेत्र पानावरून उठला, वेगळा बसू लागला. त्याचं पाहून बर्णबासुद्धा वाहवला. पौलाने सगळ्यांदेखत पेत्राला तोंडावर सुनावलं. पेत्राची श्रद्धा ढळली नव्हती. त्याने फक्त पाहुण्यांची सोय पाहिली होती. दक्षिणेतल्या आणि मराठी मुलखातल्या मिशनरींनी गलतीकरांच्या पत्रातला हा उतारा अनेकदा वाचला असणार, आणि काहींनी तो वाचून पानही उलटलं.

पान उलटणाऱ्यांची गोष्ट तंजावरची आहे, आणि तंजावर म्हणजे भोसल्यांचं राज्य, त्यामुळे ती आपल्यालाही परकी नाही. १७०६ मध्ये त्सिगेनबाल्ग आणि प्ल्युत्शाऊ हे दोन जर्मन डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयाने तरंगमबाडीला उतरले. तिथल्या मंडळीत वेल्लाळ आणि अस्पृश्य मानलेले परैयर दोघेही आले, पण बसायची जागा वेगवेगळी राहिली. पुढे देशी पाळक नेमायची वेळ आली. दोघे लायक होते. एक आरोन, वेल्लाळ. दुसरा राजनायकन, परैयर. राजनायकन एकेकाळी तंजावरच्या मराठा राजाच्या फौजेत नोकरीला होता, नवा करार वाचून या पंथाकडे वळला होता, आणि तंजावरच्या मुलखात त्याने स्वतःच्या जिवावर मंडळ्या उभ्या केल्या होत्या. १७३३ मध्ये पाळकपदाची दीक्षा आरोनला मिळाली. राजनायकनला नाही. वेल्लाळ त्याच्या हातून प्रभुभोजन घेणार नाहीत, एवढंच कारण होतं. ज्याने सगळ्यांना पंगतीला आणलं त्याने वाढायचं नाही, असा हा न्याय. मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत लाजिरवाणी पायरी हीच वाटते. गुन्हा कुणीच केला नाही, सगळ्यांनी फक्त व्यवहार पाहिला.

जर्मन मिशनरी श्वार्ट्झ तंजावरला आले तेव्हा व्यवस्था रुळलेली होती. दुसऱ्या सरफोजीचे हे पालक, राजदरबारात आणि गोरगरिबांत सारखाच मान असलेला माणूस. त्यांनीही बसण्याची वेगळी जागा तशीच राहू दिली. कलकत्त्याचे बिशप हेबर १८२६ च्या ईस्टरला तंजावरला होते. जातीचा प्रश्न सबुरीने घ्यावा, असं त्यांचं मत झालं. आठवडाभरात त्रिचनापल्लीत ते वारले.

त्यानंतर डॅनियल विल्सन आले. १८३२ मध्ये कलकत्त्याचे बिशप झालेल्या या माणसाजवळ सबुरी नव्हती. १८३३ च्या जुलैत त्यांनी दक्षिणेतल्या मंडळ्यांना पत्र धाडलं. मंडळीत जात राहणार नाही, ती आत्ताच्या आत्ता आणि कायमची जाईल, प्रभुभोजनाला वेगळी जागा किंवा वेगळा क्रम असणार नाही, असा त्याचा आशय. मद्रासजवळच्या वेपेरीत पत्र वाचून दाखवलं तेव्हा उच्च जातीचे बहुतेक लोक उठून गेले. तंजावरच्या मंडळीतून शेकडो बाहेर पडले. विल्सन स्वतः १८३५ च्या जानेवारीत तिथे गेले, समजावलं, काही परतले, पुष्कळ परतले नाहीत.

विरोधकांचा पुढारी होता वेदनायगम शास्त्री, सरफोजीच्या दरबारातला तमिळ ख्रिस्ती कवी, श्वार्ट्झच्या हाताखाली वाढलेला. त्याच्या तक्रारी वाचण्यासारख्या आहेत, कारण तो फक्त जातीबद्दल बोलत नाही. नवे मिशनरी आमच्यावर चार जुलूम करतात, असं तो मांडतो. जुनं तमिळ बायबल बदलतात, प्रभुभोजनाला सगळ्या जातींना एकत्र बसवतात, सणाला आणि लग्नाला फुलं बंद करतात, आणि माझी गीतं उपासनेत गाऊ देत नाहीत. चारही गोष्टी त्याच्या लेखी एकाच जातीच्या, म्हणजे परक्यांनी आपल्या घरात येऊन केलेली ढवळाढवळ.

वेदनायगम एका बाबतीत चुकला आणि दोन बाबतींत बरोबर होता, असं मी मानतो. (बायबलच्या भाषांतराचं भांडण वेगळं, ते भाषा जाणणाऱ्यांनी सोडवावं.) फुलांना पवित्र शास्त्रात कुठे बंदी आहे? तमिळ रागात देवाची स्तुती करू नये असं कुठल्या पत्रात लिहिलं आहे? तिथे मिशनरींनी आपल्या लंडनच्या, जर्मनीतल्या हालेच्या सवयींना शास्त्राचं नाव दिलं. पण एका प्याल्याच्या बाबतीत शास्त्र विल्सनच्या बाजूला होतं. शास्त्र कुठे आणि सोय कुठे, हे दोन्ही पक्षांना नीट वेगळं करता आलं नाही. दोघांनीही आपापलं सगळं गाठोडं एकदम उचललं.

मराठी मंडळीने ते गाठोडं सोडलं. एका दिवसात नाही, आणि सगळ्यांनी नाही.

अमेरिकन मराठी मिशनचे तीन मिशनरी, ग्रेव्ह्ज, हार्वी आणि रीड, १८३१ च्या डिसेंबरात अहमदनगरला आले. हार्वी पुढच्याच वर्षी कॉलऱ्याने गेले. मिशनच्या उपासनेला येणारे पहिले लोक शहरातल्या अनाथालयातले होते, तिथल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या वर्गणीवर जगणारे आंधळे, लंगडे, महारोगी, म्हातारे. त्यांच्याबरोबर बाबाजी रघुनाथ हा ब्राह्मण. १८३३ मध्ये नगरला मंडळी स्थापन झाली ती अशी, तळातली माणसं आणि एक भट एका फळीवर. बाबाजी त्याच वर्षी कॉलऱ्याने वारला. हॉलिस रीडने त्याच्यावर इंग्रजीत एक चरित्र लिहिलं, ते १८३६ मध्ये अमेरिकेत छापलं गेलं, आणि तिकडच्या घराघरांत नगरच्या या ब्राह्मणाचं नाव गेलं. चरित्र बाबाजीला मिळालं. त्याच्या शेजारी बसून तोच प्याला घेणाऱ्या अनाथालयातल्या बायांना चरित्रकार मिळाला नाही. प्याल्यासाठी जात सोडणं बाबाजीला किती जड गेलं हे आपण वाचू शकतो. ब्राह्मणाच्या हातून प्याला आपल्या हाती येताना त्या बायांना काय वाटलं, ते कुणी विचारलं नाही.

१८३९ मध्ये हरी रामचंद्र खिस्ती या तरुण ब्राह्मणाने नगरला बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी मुंबईत स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी मुलांचा बाप्तिस्मा झाला आणि पालकांनी धडाधड मुलं काढून शाळा ओस पाडली. मिशनची सगळी भिस्त शाळांवर. शाळा टिकवायच्या तर बाप्तिस्मे लांबवा, निदान एकत्र जेवणं तरी झाका, असा सल्ला व्यवहारी माणूस देणारच.

जेवण किती महत्त्वाचं होतं याचा पुरावा १८४३ मध्ये मिळाला. मुंबईला मिशनच्या शाळेत शिकणाऱ्या नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपती, बारा वर्षांचा, त्याच्याजवळ राहत होता. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली. न्यायमूर्ती पेरी यांनी मुलगा अज्ञान म्हणून वडिलांच्या स्वाधीन केला. श्रीपतीचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. तो भावाबरोबर राहिला होता आणि मिशनरींच्या घरी जेवला होता, एवढंच. तेवढ्यावर त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावरून मुंबईच्या ब्राह्मण समाजात दोन तट पडले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन मुलाला परत घ्यावं अशी बाजू लावून धरली आणि त्यापायी शिव्याशाप सोसले. धर्म बदलला नाही, नुसती पंगत बदलली, आणि तरी एवढं वादळ. म्हणजे पंगत हीच खरी सीमा, हे दोन्ही बाजूंना कळत होतं.

याच काळात हिंदू सुधारकांतही भाकरीचा प्रयोग चालू होता. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा निघाली. दादोबा पांडुरंग तिच्या मुळाशी. सभासद व्हायचं तर ख्रिस्त्याने भाजलेला पाव खायचा, पण दार लावून आणि नाव गुप्त ठेवून. सुमारे दहा वर्षांनी सभेची वही चोरीला गेली, नावं बाहेर फुटणार म्हणून घबराट झाली आणि सभा विरघळली. बाबा पदमनजी या सभेत होते. तिथला गुप्त पाव त्यांना पुरला नाही. १८५४ मध्ये बेळगावला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पुढे पाळक झाले, आणि जे दार लावून खाल्लं होतं ते आता सगळ्यांदेखत मोडून वाढू लागले. मराठी गद्याचे अभ्यासक त्यांना १८५७ च्या ‘यमुनापर्यटना’साठी ओळखतात, पाळक म्हणून त्यांनी केलेलं हे काम कादंबरीपेक्षा कमी धाडसाचं नव्हतं.

नारायण शेषाद्री मात्र आपल्या मराठवाड्याकडे आले. १८५० च्या दशकात त्यांना स्कॉटिश फ्री चर्चने पाळकपदाची दीक्षा दिली, आणि १८६० च्या दशकात ते जालन्याला स्थिरावले. जालना म्हणजे निजामाच्या राज्यातली इंग्रजी छावणी. मुंबईतला ब्राह्मण पदवीधर वर्ग ज्यांच्याकडे वळूनही पाहत नव्हता त्या मांगांमध्ये त्यांनी काम उभं केलं. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या सरकारकडून त्यांनी जालन्याजवळ जमीन मिळवली आणि बेथेल नावाची वस्ती वसवली. १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत हे गृहस्थ पगडी घालून उभे राहिले आणि अमेरिकनांना त्यांच्याच भाषेत व्याख्यान दिलं. बेथेलबद्दल लिहिणारे या पगडीचं कौतुक करतात. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा रोजचा हात: ज्या हाताला कालपर्यंत मांगाची सावली वर्ज्य होती, त्या हाताने भाकर मोडून मांगाला द्यायची, आणि प्याला त्याच्याकडून परत आला की तोच पुढे करायचा.

जातीची उतरंड ब्राह्मणापाशी सुरू होते आणि महारापाशी थांबते असं शहरी वाचकाला वाटतं. खेड्यातल्याला ठाऊक आहे की ती त्याच्या खालीही जाते. महार आणि मांग यांच्यात रोटीव्यवहार नव्हता. म्हणून प्रभुभोजनाची खरी परीक्षा पुष्कळदा महार आणि मांग यांच्यात झाली, ब्राह्मण तिथे नसतानाही. ज्यांना वरच्यांनी पंगतीतून उठवलं होतं त्यांना खालच्यांना बसवून घ्यायला सांगायचं, हे पाळकाचं काम. दोन वस्त्यांत दोन उपासना घ्या, असा सोपा उपाय प्रत्येक पाळकाला कुणीतरी सुचवलाच असेल. दोन वस्त्यांत दोन उपासना म्हणजे दोन मंडळ्या, आणि दोन मंडळ्या म्हणजे जात आहे तशीच. काही ठिकाणी तसं झालंही. गोव्यातल्या कॅथलिक देवळांत कोन्फ्रारी, म्हणजे चर्चमधली भक्तमंडळं, जातवार राहिल्या आणि त्यावरून कज्जे अगदी अलीकडेपर्यंत चालले. त्यामुळे मराठी प्रोटेस्टंटांनी फार मिरवण्यात अर्थ नाही, पण ज्यांनी एकच पंगत धरून ठेवली त्यांचं श्रेय नाकारण्यातही नाही.

नगरचाच एक दाखला याच्या उलटही जातो. १८५४ मध्ये हरी रामचंद्र ऊर्फ हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मंडळीत महार बहुसंख्य, पहिले दोन्ही देशी पाळक ब्राह्मण. दोघेही लायक होते यात शंका नाही. पण राजनायकनची आठवण येते. सर्वांच्या हातून सर्वांनी घ्यायचं, हा नियम पाळणं सोपं तेव्हा असतं जेव्हा वाढणारा हात ब्राह्मणाचा असतो. महार समाजातले पाळक पुढे झाले, आणि त्या दिवशी नियम पूर्ण पाळला गेला असं म्हणावं लागेल.

गाण्याच्या बाबतीत मात्र नगरने तंजावरची चूक सुधारली. सुरुवातीला इथेही विलायती चाली होत्या. नगरचे मिशनरी हेन्री बॅलंटाइन यांनी मराठीत पुष्कळ गीतं लिहिली. शब्द मराठी, चाल बोस्टनची, आणि ती म्हणताना खेड्यातल्या माणसाचा गळा कसा अडकत असेल ते म्हणून पाहिलं की कळतं. मग कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन आणि भजन आणलं. वीणा, टाळ, मृदंग. हे देवळातलं, हे वारकऱ्यांचं, असा आक्षेप यायचाच. पण शास्त्रात टाळ मना केलेले नाहीत; स्तोत्रसंहितेत तर झांजा वाजवा म्हणून सांगितलं आहे. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि नंतर ‘उपासना संगीता’तली शेकडो पदं लिहून हा वाद निकालात काढला. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांसाठी. दरबाराच्या दाराची व्याप्ती मिशनरींना खटकली; प्याला एकच असावा याबद्दल टिळकांचा आणि त्यांचा वाद नव्हता.

मग प्याल्यावरच घाला आला, आणि तो जातीच्या बाजूने नाही. १८९० च्या दशकात अमेरिकेत जंतूंच्या भीतीने प्रत्येकाला वेगळी छोटी पेली देण्याची टूम निघाली. त्याआधी १८६९ मध्ये वेल्च नावाच्या एका मेथडिस्ट दंतवैद्याने द्राक्षरस आंबू नये म्हणून तापवून बाटलीत भरायची युक्ती काढली होती, ती चर्चमध्ये रुळली होतीच. पेल्यांची तबकं हिंदुस्थानातही आली. अमेरिकेत ती आरोग्याची सोय होती. इथे ज्याला शेजाऱ्याचं उष्टं नको होतं त्यालाही ती आयती मिळाली, तोंडाने जंतूंचं नाव घेऊन. एका प्याल्याचा सगळा अर्थ ज्या देशात सर्वांत जड होता, तिथे तो सर्वांत हलक्या कारणाने बाजूला झाला. कोरोनानंतर तर विचारायलाच नको. पेल्या स्वच्छ असतात, भांडण होत नाही, वेळ वाचतो. मी त्यांच्या विरोधात नाही. पण मांगवाड्यातल्या म्हाताऱ्याच्या हातून प्याला घेताना ज्या पिढीचा हात थरथरला, तिने काय पार केलं ते पेलीतून पिणाऱ्या पिढीला सांगावं लागेल.

मिशनांची आपापसातली पंगतही एक नव्हती, हे गंमतीने नमूद करण्यासारखं आहे. पंचहौदचे अँग्लिकन नगरच्या काँग्रिगेशनल आणि जालन्याच्या प्रेसबिटेरियन मंडळींच्या प्रभुभोजनाला सहजी बसत नव्हते. नगर आणि जालना १९२४ मध्ये उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त चर्चमध्ये एकत्र आले. अँग्लिकन त्यांना मिळाले ते २९ नोव्हेंबर १९७० ला, नागपूरला, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या स्थापनेत. मेथडिस्टांतला मोठा गट ऐनवेळी बाहेर राहिला. ब्राह्मण आणि मांग एका प्याल्यावर आले त्यानंतर शंभर वर्षांनी त्यांचे मिशनरी आले.

आता प्याल्याऐवजी प्रश्न नोंदवहीचा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती झालेल्या महाराला, मांगाला त्या नाहीत. न्यायालयात खटले पडून आहेत, २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. तोवर गावोगावी लोक उपासनेला येतात, गातात, प्रभुभोजन घ्यायला पुढे येतात, आणि पाळकाला हळूच सांगतात की बाप्तिस्म्याच्या वहीत नाव नको. मुलाच्या जातीच्या दाखल्याचा, वसतिगृहाच्या जागेचा, नोकरीचा प्रश्न आहे. वहीत नाव नसलेल्याला प्रभुभोजन द्यावं का? दिलं तर मंडळीचा नियम मोडतो. नाकारलं तर राज्याने केलेल्या भेदाची पंगत पाळक आपल्या हाताने मांडतो. मराठवाड्यातले पाळक यावर एकमताचे नाहीत. कुणी देतो, कुणी देत नाही, कुणी पुढे आलेल्याला वही न विचारता देतो आणि बिशपलाही तसं सांगून टाकतो.